सुकडी ते पीनट बटर : मुलांच्या खाऊचा इतिहास शोधताना

परवा पेटची तयारी करणारी एक ज्युनिअर विचारत होती, "ताई, तुझा पीएच.डी.चा विषय एका वाक्यात सांग ना." मी म्हटलं, "मुलांचा खाऊ." ती हसली. तिला वाटलं मी टाळतेय. खरं तर समितीपुढे सांगितलेलं माझं शीर्षक बरंच लांबलचक आहे. त्यात 'पूरक पोषण आहार', 'राज्यसंस्था', 'स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्र' असे सगळे भारदस्त शब्द आहेत. पण गाभा तोच. लहान मुलाच्या हातात पडणारा पौष्टिक खाऊ कोण बनवतं, कोण ठरवतं आणि त्यात काय घालतं, एवढंच मी शोधतेय.

आज हा विषय मला कसा सापडला आणि माझा प्रश्न तीन वेळा कसा बदलला, ते सांगते. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना त्याचा उपयोग होईल. विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या नागपूरच्या घरातल्या स्वयंपाकघरात झाली.

एक लाडू, तीन नावं

माझी भाची शाळेत जायला लागली आणि वहिनीपुढे डब्याचा प्रश्न उभा राहिला. तिने मोबाईलवर बघून ओट्स आणि पीनट बटरचे गोळे केले. ओट्स कोरडे भाजायचे, गार झाले की त्यात पीनट बटर, थोडा मध आणि चिरलेले खजूर घालून वळायचे. गॅस पाच मिनिटांचा, काम पंधरा मिनिटांचं. आजीने एक तोंडात टाकला आणि म्हणाली, "यात नवीन काय आहे? हा तं फल्लीचाच लाडू झाला."

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्या मूळच्या बीडकडच्या. त्यांनी चव घेतली आणि जरा वेळ गप्पच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, ही तर आमची सुकडी." १९७२-७३ च्या दुष्काळात त्या लहान होत्या. आईवडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे आणि तिथे सुकडी वाटली जायची. कोरडी, गोडसर, ओंजळीत घ्यायची. काकूंच्या डोळ्यांसमोर तीच आली.

बघा, पदार्थ एकच म्हणावा असा : भाजलेलं धान्य, शेंगदाणा आणि काहीतरी गोड. पण वहिनीसाठी तो 'हेल्दी स्नॅक', आजीसाठी घरचा लाडू आणि काकूंसाठी दुष्काळ. त्या रात्री मी डायरीत पहिला प्रश्न लिहिला : हा पदार्थ सगळ्यात आधी कुणी केला?

गाईड मॅडमनी तो प्रश्न वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, "उगम शोधू नकोस, प्रवास शोध." तेव्हा मला राग आला होता. आता पटतं. 'सगळ्यात आधी कुणी' या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी पुढे काही कळत नाही. मात्र त्या वाटेने गेल्यावर एक गोष्ट नक्की कळली. आपण ज्याला 'पारंपरिक' म्हणतो, ते फार जुनं असेलच असं नाही.

भुईमूग इथला नाही, ओट्स तर नाहीच

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसनंतरच्या काळात पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांतून तो जगभर गेला आणि आपल्याकडे आला. इथे कागदपत्रांइतकंच भाषेकडेही लक्ष द्या. तमिळमध्ये त्याला 'मनिला कोट्टै' असंही म्हणतात, म्हणजे फिलिपिन्समार्गे आल्याची खूण त्या नावात आहे. मराठीत आपण त्याला ओळखीच्या मुगाशी जोडून 'भुईमूग' केलं, जमिनीतला मूग. आणि आपल्या नागपूरकडची 'फल्ली' हिंदीतल्या 'मूंगफली'ची धाकटी बहीण. बाहेरून आलेल्या वस्तूला लोक आधी नाव देऊन घरात घेतात, मग ताटात.

मोठ्या प्रमाणावर लागवड मात्र एकोणिसाव्या शतकातली, आणि तीही मुलांसाठी नव्हे. दक्षिण भारतातला भुईमूग पुदुच्चेरीमार्गे फ्रान्सच्या मार्सेय बंदरात जायचा, कारण तिथल्या साबणाच्या कारखान्यांना तेल हवं होतं. म्हणजे शेंगदाणा आपल्याकडे पीक म्हणून वाढला तो बाजारासाठी. घरोघरचं दाण्याचं कूट आणि उपासाची उसळ त्याच्या सावलीत वाढली. साबुदाणा, बटाटा, मिरची, शेंगदाणा. आपल्या उपासाच्या ताटातला निम्मा माल अमेरिका खंडातून आलेला आहे, हे एकदा लक्षात आलं की 'परंपरा' हा शब्द आपण जरा जपून वापरतो.

ओट्सची गोष्ट वेगळी. भारतात त्याला जई म्हणतात आणि तो मुख्यतः जनावरांचा हिरवा चारा म्हणून घेतला जातो. माणसांच्या वाटीत तो डब्यातून आला, आधी इंग्रजी नाश्त्याची पॉरिज म्हणून, नंतर वजन आणि कोलेस्टेरॉलच्या काळजीतून.

पीनट बटर तर थेट दवाखान्यातून आलं. १८८४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसन यांनी भाजलेल्या शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट घेतलं. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या बॅटल क्रीक इथे आरोग्यधाम चालवणारे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांना मांसाहाराला पर्याय हवा होता. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं नाव आपल्याकडे नेहमी घेतलं जातं, पण पीनट बटर त्यांनी शोधलेलं नाही. त्यांनी १९१६ मध्ये शेंगदाण्याचे १०५ प्रकार सांगणारी पुस्तिका काढली, तीही कापसाने दमलेल्या जमिनीच्या गरीब शेतकऱ्यांसाठी. विदर्भातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तुमच्या प्रबंधात असं एखादं 'सगळ्यांना माहीत असलेलं' विधान आलं की ते एकदा तपासाच.

गांधींचं पीनट बटर आणि वर्ध्याची घाणी

भारतात पीनट बटर हल्ली मॉलमधून आलं असं मला वाटायचं. मग गांधींचं आत्मचरित्र पुन्हा वाचताना थबकले. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधींचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबं असा होता. ते जास्त झालं, आव झाली, आणि प्रकरण जिवावर बेतलं. दूध न घेण्याचं व्रत असल्यामुळे शेवटी शेळीच्या दुधाची तडजोड झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवरच्या फलाहाराच्या प्रयोगांतही कच्चे शेंगदाणे होते. म्हणजे वहिनीच्या बरणीच्या शंभर वर्षं आधी पीनट बटर इथे होतं, आणि ते जास्त खाल्लं तर काय होतं याची नोंदही होती!

पुढचा टप्पा आपल्या शेजारचा. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं : हातसडीचा तांदूळ, गूळ आणि घाणीचं तेल. १९३५ मध्ये मगनवाडीतल्या लोकांच्या जेवणात सोयाबीन घालून प्रयोग झाला आणि गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. सोयाबीन विदर्भाच्या शेतात पसरायला त्यानंतर जवळपास अर्धं शतक जावं लागलं.

कुमारप्पांच्या मंडळींना घाणीचा आग्रह का, हे मला आधी कळलं नव्हतं. मला ते फक्त गिरणीविरोधी धोरण वाटायचं. पण घाणीत पेंडीमध्ये जास्त तेल राहतं आणि ती पेंड गावातच राहते. गिरणीत तेल जास्त निघतं आणि तेल-पेंड दोन्ही गावाबाहेर जातात. इथे माझा दुसरा प्रश्न तयार झाला : दाणा कुणाला, आणि पेंड कुणाला?

पेंड माणसाला खायला घालायची का?

आपल्याकडे ढेप म्हणजे जनावराचं खाणं. पण १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी पेंडीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. तेल काढल्यावर उरलेल्या शेंगदाण्याच्या चोथ्यात प्रथिनांचं प्रमाण शेंगदाण्याहूनही जास्त असतं. देशात मुलांना दूध पुरत नाही आणि ही प्रथिनं गाईम्हशींना आणि खताला जातायत, मग स्वच्छ पद्धतीने पेंड काढून ती माणसाला का देऊ नये?

म्हैसूरला १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत व्ही. सुब्रह्मण्यन यांच्या नेतृत्वाखाली 'इंडियन मल्टिपर्पज फूड' तयार झालं. तेल काढलेलं शेंगदाण्याचं पीठ ७५ भाग, चणाडाळीचं पीठ २५ भाग आणि वर जीवनसत्त्वं व कॅल्शियम. कल्पना अमेरिकेतल्या 'मील्स फॉर मिलियन्स' या संस्थेच्या सोयाबीनवर आधारलेल्या मिश्रणावरून आलेली, पण कच्चा माल आपला.

यात चणाडाळ का, हे समजून घ्या, कारण त्यातच शहाणपण आहे. शेंगदाण्याच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं. गहू, ज्वारी यांतही तेच कमी. दोन कमतरता एकत्र आल्या तर भर पडत नाही. डाळीत लायसीन भरपूर असतं, म्हणून ती त्रुटी भरते. दूधही तेच काम करतं. आजीच्या लाडवात मूठभर फुटाण्याचं पीठ असायचं. तिला लायसीन हा शब्द माहीत नव्हता, पण मूठ माहीत होती. अर्थात, तिने ते पोषणासाठी घातलं की लाडू स्वस्त पडावेत म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. परंपरेला नंतरचं विज्ञान चिकटवण्याचा मोह संशोधकाने आवरला पाहिजे.

मग १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्कीची पिल्लं अचानक मेली. कारण शोधता शोधता माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला. पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती आणि तिचं विष यकृतावर आघात करत होतं. त्या बुरशीच्या नावावरूनच 'अफ्लाटॉक्सिन' हा शब्द घडला. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. जगभरच्या शेंगदाणा-पीठाच्या योजनांपुढे एकदम प्रश्नचिन्ह लागलं. दमट गोदामात पडलेल्या पोत्यातला माल, त्यातला किडका-बुरशीचा दाणा, त्याची पेंड, आणि ती खाणार कोण, तर आधीच अशक्त असलेलं मूल. पोषणाची योजना कागदावर कितीही चांगली असली तरी ती गोदामाच्या छपरावर अवलंबून असते, हे मला इथे उमगलं.

प्रथिनं की पोटभर अन्न?

त्या काळात जगभर एकच हाकाटी होती, 'प्रथिनांची दरी'. १९३० च्या दशकात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेत क्वाशिओरकोर या बालआजाराचं वर्णन केलं, आणि पुढे कुपोषण म्हणजे प्रथिनांची कमतरता हे समीकरण पक्कं झालं. पिठं, बिस्किटं, मिश्रणं, सगळी प्रथिनांनी ठासून भरायची.

याला ज्यांनी आव्हान दिलं, त्यांत एक मराठी माणूस महत्त्वाचा आहे : पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातला, संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली आणि नंतर ते पुण्यात काम करू लागले. त्यांचा मुद्दा साधा होता. धान्य आणि डाळ असलेला आहार पोटभर मिळाला तर बहुतेकांना प्रथिनं आपोआप पुरतात. पोट अर्धं राहिलं, तर खाल्लेलं प्रथिनसुद्धा शरीर सरपणासारखं जाळून टाकतं. म्हणजे घरात धान्यच कमी असताना महागडी प्रथिन-पावडर देणं हा चुकीच्या रोगावरचा इलाज.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. मुलांना रोज सुमारे ३१० कॅलरी देणारा, पण जेमतेम ३ ग्रॅम प्रथिन असलेला गोड खाऊ दिला : गव्हाचं पीठ, साखर आणि तेल. एवढ्यानेही वजन आणि उंची सुधारली. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी तर या साऱ्या प्रथिन-मोहिमेला फसगत ठरवलं. मला हा अभ्यास वाचताना काकूंची सुकडी आठवली. पीठ, गोड, तेल. साधं, स्वस्त, आणि बरोबर.

पण थांबा, सुखात्म्यांना लगेच नायक करू नका. मी केलं होतं, आणि एका परिसंवादात चांगलीच आपटले. पुढे त्यांनी मांडलं की शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नये. त्याच सुमारास 'लहान पण निरोगी' अशी कल्पना अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी मांडली. गोपालन यांनी तिला कडाडून विरोध केला : खुजं राहिलेलं मूल म्हणजे जुळवून घेतलेलं मूल नव्हे, ते हरलेलं मूल आहे, असा त्यांचा रोख होता. हा वाद नुसता आकड्यांचा नाही. मापाची रेघ थोडी खाली ओढली की कागदावरची लाखो मुलं एका रात्रीत सुदृढ होतात. त्यांच्या वाटीत मात्र एक घासही वाढलेला नसतो.

सुकडी, अंगणवाडी आणि धारणी

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र सरकारने मोठ्या प्रमाणावर कामं काढली. १९७३ च्या मे महिन्यात रोज जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. याच अनुभवातून रोजगार हमी योजनेला कायद्याचं रूप मिळालं. त्या पिढीच्या बोलण्यात दोन शब्द हमखास येतात : अमेरिकेहून आलेली लाल मिलो आणि सुकडी. मिलोबद्दल लोक नाक मुरडतात. सुकडीबद्दल मात्र आवाज बदलतो.

मौखिक इतिहास घेणाऱ्यांनी हा आवाज ऐकावा. काकू म्हणतात सुकडी गोड होती. त्यांचे मोठे भाऊ म्हणतात, "गोड कसली, कडवट वास यायचा, पण खायचो." कोण खरं? दोघंही. पुरवठा वेगळ्या वेळी वेगळा असेल. शिवाय एकाला लहानपण आठवतं, दुसऱ्याला लाज. पन्नास वर्षांपूर्वीच्या चवीचा पुरावा म्हणून मुलाखत कच्ची आहे. पण सरकारचा खाऊ घेताना माणसाला काय वाटलं, याचा दुसरा पुरावाच नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आपल्या अंगणवाड्या त्यातूनच आल्या. महाराष्ट्रातल्या पहिल्या प्रकल्पांत मुंबईची धारावी होती आणि अमरावती जिल्ह्यातली, मेळघाटातली धारणी होती. सहा वर्षांखालच्या मुलाला रोज ३०० कॅलरी आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं ठरलं. २००९ मध्ये ते ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम झालं, आणि तीव्र कुपोषित मुलांसाठी ८०० कॅलरी.

आता तारखा शेजारी ठेवा. धारणी १९७५ मध्ये देशातल्या पहिल्या ३३ त. आणि १९९३ च्या सुमारास मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. अठरा वर्षं. सगळ्यात आधी योजना पोचली तिथेच मुलं मरत होती. हे वाचलं त्या दिवशी मी पुढे काही लिहू शकले नाही. 'पोषक मिश्रण कोणतं' हा प्रश्न मला अचानक फार छोटा वाटू लागला. पावसाळ्यात बंद होणारा रस्ता, मलेरिया-हगवण-न्यूमोनिया, आईची रक्तक्षयी तब्येत, मजुरीसाठीचं स्थलांतर, यांतल्या कशालाही लाडू उत्तर नाही. तरी लाडू लागतोच. या दोन वाक्यांच्या मधली जागा म्हणजे माझा तिसरा प्रश्न, आणि तोच प्रबंधात टिकला : पौष्टिक खाऊ मुलापर्यंत कुणाच्या हातांतून पोचतो, आणि वाटेत त्याचं काय होतं?

पाकिटातली पेस्ट

१९९६ मध्ये फ्रान्सचे बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियाँ आणि उद्योजक मिशेल लेस्कान यांनी शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्व-खनिजं यांची पेस्ट पाकिटात भरली. नाव 'प्लम्पीनट'. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी. आधी तीव्र कुपोषित मुलाला रुग्णालयात ठेवून विशेष दूध द्यावं लागे. त्याला स्वच्छ पाणी, परिचारिका आणि आईचे रोज बुडणारे पैसे लागत. या पेस्टमध्ये पाणी जवळपास नसल्याने जंतू वाढत नाहीत, शिजवावं लागत नाही, मूल घरी राहून बरं होऊ शकतं. २००५ च्या नायजरमधल्या संकटात तिची ताकद जगाला दिसली. शोध मोठा आहे, यात शंका नको.

भारतात मात्र २००९ मध्ये युनिसेफने बिहार आणि मध्य प्रदेशसाठी आणलेली ही पाकिटं केंद्र सरकारने परत पाठवायला लावली. शेंगदाणा पिकवणाऱ्या देशात शेंगदाण्याची पेस्ट बाहेरून का, असा एक सूर. दुसरा असा की आजाराचं औषध म्हणून आलेली वस्तू उद्या रोजच्या जेवणाची जागा घेईल. तिसऱ्या बाजूचे डॉक्टर विचारत होते, की समोरचं मूल आज मरतंय, त्याचं काय?

मुंबईत शीव रुग्णालयात ही पेस्ट स्थानिक पातळीवर बनवली गेली. मेळघाटात महान ट्रस्टने स्थानिक उपचारात्मक आहारावर काम केलं. म्हणजे विदेशी पाकीट की आजीचा लाडू, अशी सरळ लढाई नव्हतीच. मधला रस्ता होता, आणि त्यावर चालणारी माणसं होती.

हातांचा प्रश्न न्यायालयातही गेला. अन्न अधिकाराच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, शक्यतो गावातले बचतगट आणि महिला मंडळं असावीत. त्यानंतर महाराष्ट्रात घरपोच पाकिटाची कंत्राटं महिला मंडळांच्या नावाखाली मोठ्या पुरवठादारांकडे जातात, असे आरोप झाले, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची निविदा रद्द केली. एका मुठीच्या खाऊसाठी केवढा कागद!

मग वहिनीच्या लाडवाचं काय?

वहिनीने मला सरळ विचारलं, "एवढं वाचलंस, आता सांग, हे चांगलं की नाही?" तिला उत्तर देता येत नसेल तर माझ्या संशोधनाचा उपयोग काय? म्हणून हिशेब केला.

वीस ग्रॅमच्या एका लाडवात १० ग्रॅम ओट्स, ६ ग्रॅम दाणे आणि ४ ग्रॅम गूळ धरा. साधारण ८५ कॅलरी आणि पावणेतीन ग्रॅम प्रथिन. ओट्सच्या जागी भाजलेलं ज्वारीचं पीठ घेतलं तरी कॅलरी जवळजवळ तेवढ्याच, प्रथिन अडीच ग्रॅम. फरक चिमटीएवढा. ओट्समधलं विरघळणारं तंतू चांगलं आहे, पण पाच वर्षांच्या मुलीला कोलेस्टेरॉलची चिंता नाही. त्यात चमचाभर फुटाण्याचं पीठ घातलं किंवा बरोबर कपभर दूध दिलं, तर प्रथिनाची गुणवत्ता खरोखर सुधारते. बरणी विकत घ्यायची तर मागची यादी वाचायची, शेंगदाण्याशिवाय साखर आणि घट्टपणासाठीचं तेल किती ते बघायचं. किंवा मिक्सर आहेच. किडके, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकायचे, कडू दाणा लागला तर थुंकायचा. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

वहिनी म्हणाली, "म्हणजे आजी बरोबर होत्या." अर्धं बरोबर. आजी हेही सांगते की तिच्या लहानपणी असा लाडू सणाला मिळायचा, रोज नाही. आपण 'पूर्वी सगळे पौष्टिक खायचे' म्हणतो तेव्हा रोज काय होतं ते विसरतो.

संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांना यातून तीन गोष्टी सांगते. पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी चुकीचा असतो, त्याला घाबरू नका, पण त्याला धरूनही बसू नका. पदार्थाचा इतिहास करायचा तर फक्त पाककृतींची पुस्तकं पुरत नाहीत. पीकपाण्याचे अहवाल, गॅझेटिअर, न्यायालयाचे आदेश, शास्त्रीय नियतकालिकं आणि शेजारच्या काकू, सगळं एका टेबलावर लागतं. आणि नायक सापडला की त्याच्या विरोधकाला लगेच वाचायला घ्या.

शेवटची गोष्ट फील्डवर्कमधली. मी आतापर्यंत पाहिलेल्या अंगणवाडीच्या नोंदवह्यांत 'वाटप' असा रकाना आहे. ताई तो रोज इमानदारीने भरतात. 'खाल्लं' असा रकाना मला अजून दिसलेला नाही. पाकीट घरी गेल्यावर ते मोठ्या भावाने खाल्लं, शेळीला घातलं की त्या मुलालाच मिळालं, हे कुठेच लिहिलेलं नाही. पुढचे सहा महिने मी त्या न लिहिलेल्या रकान्यासाठी घरोघरी जाणार आहे. तुमच्याही विषयात असा एखादा रकाना असेल, तो शोधायला लागा.